ओग्लू

मिरज स्टेशनबाहेर जुन्या कपड्यांच्या ढिगात
बावीस रुपयांना मिळाली त्याला ती जर्सी.
लाल, छातीवर चंद्रकोर आणि चांदणी,
पाठीवर अकरा,
आणि नावाची पुढची अक्षरं उडालेली.
उरलं होतं फक्त ‘ओग्लू’.

मिशन हॉस्पिटलातल्या, परदेश बघून आलेल्या डॉक्टरांनी
भुवईवरचे टाके काढता काढता सांगितलं:
ही तुर्कस्तानची. ओग्लू म्हणजे मुलगा.
अमक्याचा मुलगा, तमक्याचा मुलगा.
कुणाचा, ते धुण्यात गेलं.

तेव्हापासून शौकत बारगीर
अख्ख्या मिरजेत ओग्लू.

मी त्याला खेळताना पाहिलेलं नाही.
ऐकलं ते असं, की डावा पाय,
आणि कोपऱ्यावरून मारलेला चेंडू
पुण्याला निघाल्यासारखा सरळ सुटायचा
आणि मधेच कोल्हापूरच्या गाडीगत वळायचा.
कोल्हापुरात पेठेच्या संघाकडून पाहुणा खेळाडू,
मॅचमागे दीडशे रुपये आणि तांबड्या रश्श्याचं जेवण.
जिंकलं तर खांद्यावर,
हरलं तर मागच्या गेटानं, बूट हातात.

मग गोवा. एक हंगाम.
त्याबद्दल तो बोलत नाही,
मासे स्वस्त होते एवढंच सांगतो.
एकोणीस सामने बाकावरून बघितले,
विसाव्याला उतरला.
सातव्या मिनिटाला गुडघा.

वास्कोहून परत येताना
तिकीट तपासनीस म्हणाला, पाय आत घ्या.
हा म्हणाला, घेता आला असता
तर या गाडीत नसतो.

सहा वर्षं लोकोशेडात खलाशी.
चेंडू दिसला की रस्ता बदलायचा.

पुढचं मला ठाऊक आहे, तिथं मी होतो,
सतारमेकरांचा दहा वर्षांचा पोरगा,
नखांत पॉलिश, पायांत बापाच्या चपला.
रेल्वेच्या मैदानावर फक्कीनं रेघा मारत होतो आम्ही.
तो सायकल टेकवून बघत राहिला बराच वेळ.
“लका, रेघ तरी नीट मारा की.
रेघच वाकडी, तर बाहेर कशाला म्हणायचं?”

दुसऱ्या दिवशी गार्डाची जुनी शिट्टी घेऊन आला.

आमच्या दुकानातही यायचा कधी,
वाळलेल्या भोपळ्यावर बोटानं टकटक करायचा:
“हे बघ, पोकळ हाय म्हणून बोलतंय.
चेंडू पण असाच. दाबू नको, बोलू दे.”
बाप म्हणायचा, घेणार नसशील तर हात लावू नको.

आम्ही फार हरलो.
सांगलीतल्या फायनलला पेनल्टी माझ्याकडे होती,
आणि चेंडू अजून
कुठल्यातरी गच्चीवर असेल.
बस येईपर्यंत कुणी माझ्याजवळ उभं राहिना.
त्यानं भडंगाचा पुडा फोडला, माझ्याकडे सरकवला.
“मी गोव्यात सात मिनिटं खेळलोय.
तू पूर्ण नव्वद खेळलास. खा.”

तिखट लागत होतं. मी तिखटावर ढकललं.

आता त्याचे केस पांढरे, शिट्टी तीच.
जर्सी कापून चार कोपऱ्यांना झेंडे केलेत,
ऊन खाऊन गुलाबी झालेले.
रेल्वे पुलाकडच्या कोपऱ्यात ते अक्षर असलेलं फडकं,
पंच दरवर्षी विचारतो, हे काय लिहिलंय?
ओग्लू म्हणतो, अर्धं आहे.

काल संध्याकाळी दुकान लवकर मिटून गेलो होतो.
आलिशा कनवाडे, डावखुरी, तेरा वर्षांची,
कॉर्नर घ्यायला गेली
आणि झेंड्याची काठी आडवी येते म्हणून
बाजूला वाकवायला लागली.

शिट्टी.
“झेंड्याला हात नाही लावायचा!
जागा कमी हाय? तेवढ्यातनंच मार.”

ती दोन पावलं मागं सरली. मग अर्धं आणखी.
मी डोळे मिटले,
कारण मला आधी तो आवाज हवा होता.